पडद्यावरचा कावळा

बाबांच्या डोक्यावर तारांची टोपी बसली. मन शांत झालं, की समोरच्या पडद्यावरचा पक्षी फांदीवर उतरणार होता. नैराश्यावरच्या गोळ्या त्यांना नको होत्या, म्हणून मी त्यांना मेंदूलहरींच्या या प्रशिक्षणाला आणलं होतं.

पक्षी नुसत्या घिरट्या घालत होता. आईच्या दहाव्यालाही कावळा शिवला नव्हता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली होती. बाबांनी पडद्याला हात जोडले. "तुझ्या भावाशी अबोला सोडतो. तुझं शिलाई मशीन विकत नाही."

"काका, बोलू नका, लहरी बिघडतात," प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

"तू सांग गं तिला काहीतरी," बाबा मला म्हणाले.

मला लाज वाटली, तरी मी म्हणाले, "आई, बाबांना मी सांभाळीन."

पक्षी आणखी वर गेला.

"हे तिला पटलेलं दिसत नाही."

"बरं. आई, बाबाच मला सांभाळतील."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सांभाळीन," ते हळूच म्हणाले, आणि पक्षी फांदीवर उतरला.

टोपी निघताच बाबा उठले. "चल, घरी जाऊन आंघोळ करायला हवी."

महिनाभर मी त्या आंघोळीसाठीच त्यांच्या विनवण्या करत होते.