चटणीची पाटी

"पाटी कुठाय?" शेंगाचटणीच्या कारखान्यात, म्हणजे वैजयंताच्या पडवीत, शिरताच पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं. पाटीसकट फोटो नसेल तर अनुदान नाही, आणि अनुदान नसेल तर कुटायचं यंत्र नाही.

तिचा नवरा पेंटर. अख्ख्या बाजाराच्या पाट्या त्याच्या हातच्या; तिच्या धंद्याला मात्र तो 'टाइमपास' म्हणायचा. त्याने पत्रा ओढला, तेव्हा आता हा स्वतःचंच नाव रंगवणार, हे तिने गृहीत धरलं.

त्याने लिहिलं: 'तुळसा चटणी उद्योग'.

"ही कोण तुळसा?" साहेब दचकले. "अर्जात तर वैजयंता आहे!"

"हीच की, साहेब. माहेरचं नाव. लग्नात आम्ही ताटातल्या तांदळात नवं लिहिलं, हिला न विचारताच." ब्रश पुसत तो म्हणाला, "धंदा हिचा आहे, म्हटलं नावही हिचंच असावं."

"पाटी बदला, आत्ता मंजूर करतो," साहेब कळवळून म्हणाले.

वैजयंता पाटीसमोर उभी राहिली. "अनुदान पुढच्या वर्षी बघू, साहेब; तोवर हातानेच कुटते. इतक्या वर्षांनी तुळसा घरी आलीय, लगेच कशी परत पाठवू?"