तीन पिवळे ठिपके

विद्याधरपंत बंगलोरच्या कारखान्यात बसनं जायचे. घरची मोटार रविवारीच निघायची. शेजारी बायको नीला दाराची मूठ धरून म्हणायची, “हळू हं, मला बाई भीती वाटते!” तिच्या भीतीखातर पंतांनी चार वर्षं वेग वीस मैलांपलीकडे नेला नव्हता. बासष्टच्या श्रावणात त्यांच्याच हातून चाक फुटपाथला घासून वाकलं. “नवं कशाला? ठोकून सरळ करा,” ते देवाप्पा मिस्त्रीला म्हणाले. देवाप्पानं चाक काढून उलटं केलं. आत तीन पिवळे ठिपके होते. “एकदा ठोकलं की एक ठिपका लावतो, अण्णा. तीन झाले, आता बदलायचंच.” “पण मी पहिल्यांदाच आलोय!” “तुम्ही हो. नीलाअक्का स्वतः चालवत येतात. चाळिसाच्या वेगानं, स्वल्प जोरातच.” पंतांनी जुनं चाक नीलासमोर नेऊन आदळलं. “फसवलंस मला!” तिनं ठिपके मोजले. “अहो, बाकीची तीन चाकं नाही ना पाहिलीत?”