गव्हाणीपाशी बाळंतीण

"नुसतं बसायचं, बोलायचं नाही," असं रूथबाईंनी बजावलं होतं. शालन बसली, आणि आता तिला उठता येईना.

मांडीवर रूथबाईंचं तान्हं झोपलेलं, पाठीशी वासरू बांधलेलं, समोर माणसांची दाटी. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला, तशी साहेबांच्या बंगल्यांत नाताळची हौसही आली. त्यातल्याच एका बंगल्यात, नगरकडच्या या ख्रिस्ती बाईंकडे, शालन धुण्याभांड्याला होती. येशूजन्माच्या देखाव्यात येशूची आई मरियम होणारी नर्स ऐनवेळी तापाने पडली. मग शालनलाच निळं लुगडं नेसवून, नाकापर्यंत पदर ओढून गव्हाणीपाशी बसवलं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं. नवरा गेल्यापासून तिच्या मांडीवर कुणी मूल दिलं नव्हतं. जावेच्या पोराच्या बारशाला तर सासूने, कुशाबाईने, तिला मागच्या दारीच बसवून ठेवलं होतं.

इतक्यात थेरगावच्या, म्हणजे शालनच्या सासरच्या गावच्या, बायका आल्या.

रूथबाईंनी हौसेने गावात निरोप धाडला होता, बाळाचा जन्म आहे, सगळ्यांनी यावं. आता बाळंतिणीला बघायला रिकाम्या हाताने कोण जातं? बायका कुंकवाचे करंडे, खण, नारळ, तांदूळ घेऊनच आल्या. दाढ्या चिकटवून राजे झालेल्या तीन कारकुनांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ गव्हाणीकडे निघाल्या. रूथबाई आत करंज्यांच्या गडबडीत होत्या.

सगळ्यांच्या पुढे कुशाबाई. पहिलं कुंकू लावायचा मान गावात तिचाच.

शालनने पदर आणखी खाली ओढला. बोलावं तर आवाज ओळखू येणार. उठावं तर पोर रडून गोंधळ घालणार. गप्प बसावं तर विधवेच्या कपाळी कुंकू, तेही चारचौघींत, सासूच्या हातून. घराबाहेर काढलं तर जायला माहेर उरलं नव्हतं.

कुशाबाईने करंड्यात बोट बुडवलं. दुसऱ्या हाताने पदर वर केला.

बोट तिथेच थांबलं. शालनने डोळे मिटून घेतले. आता थोबाडीत बसणार, हे ती धरूनच चालली होती. कुशाबाई एकदा तिच्याकडे, एकदा मांडीवरच्या पोराकडे बघत राहिली.

"काय झालं वं? कोन हाय?" मागून अंबुबाईने विचारलं.

शालनच्या कपाळावर बोट टेकलं. पदर पुन्हा नाकापर्यंत खाली आला.

"बाळंतीण हाय," कुशाबाई म्हणाली. "कुकू म्या लावलंय. तुमी नुसती वटी भरा. पदर कुनी उचलू नगा, बाळंतिणीला वारं लागंल."