दोन्ही टोकं सारखी

"ही दोन सीझन चालेल." भूपेंद्रने हिरवं वेटोळं काउंटरवर ठेवलं. मग केशरी. "आणि ही दहा वर्षं."

"हिरवी दे," देवराम म्हणाला.

"केशरी," वैजयंती म्हणाली.

राजपुऱ्यातल्या त्या दुकानात गळ-जाळी घ्यायला सगळेच यायचे. पिसांची खोटी माशी पाण्यावर टेकवून मासा धरायचा नाद एकट्या देवरामला. या तरंगत्या दोऱ्या भूपेंद्रने त्याच्यासाठीच इंदूरहून मागवल्या होत्या. देवराम स्टुलावर बसला होता, मांडीवर रीळ. बायकोच्या पिशवीत त्याची दवाखान्याची फाईल. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने. फार तर…

फार तर आठ.

"दहा वर्षं कशी टिकते रे?" भाजी घेताना विचारावं तसं तिने विचारलं.

"काकू, वरचा लेप भारी आहे. तापीवरून आलं की ओल्या फडक्याने पुसायची, धूप में नहीं छोडना. तडकली तर पाणी पिते, बुडते. और हिची दोन्ही टोकं सारखी. चार-पाच वर्षांत पुढचं झिजलं, की उलटी गुंडाळायची. मागचं कोरंच असतं."

"झालं तर मग. केशरी."

देवराम तिच्याकडे पाहत राहिला. हसला, खोकला, पुन्हा हसला.

"बरं, घे. पण भूपेंद्र, उलटी कशी करतात ते हिला दाखव."

"काकूंना? तुम्हाला येतं ना, काका."

"मला येतं. हिला दाखव."

"मी कशाला शिकू?" ती म्हणाली. "पाच वर्षांनी तुम्हीच करा की."

"वैजू."

तिने त्याच्या मांडीवरचं रीळ उचललं.

उलटी करायची तर दोरी आधी पूर्ण ताणायची; दुकानात ती मावणार नव्हती. एक टोक देवरामने पायरीवर बसून बोटांत धरलं. दुसरं टोक आणि रिकामं रीळ घेऊन वैजयंती गल्लीतून चालू लागली. भूपेंद्र सोबत.

दहा फूट. जिलेबीची कढई.

चाळीस. सायकलचं दुकान.

नव्वद.

केशरी रेघ कमरेच्या उंचीवर ताणली गेली. भूपेंद्रने तिच्या हातातलं टोक रिळाला बांधलं आणि रीळ तिच्या हाती दिलं.

"बस, झालं. आता काका तिकडून सोडतील. तुम्ही गुंडाळत राहायचं."

तिकडे लांब, पायरीवर, देवरामने मोकळा हात वर केला. सोडू का, असं विचारल्यासारखा.

मध्ये एक रिक्षा अडून थांबली होती. "चाची," रिक्षावाला म्हणाला, "और कितना टाइम?"

वैजयंतीने रिळाची मूठ धरली. फिरवली नाही.