एका बटणात रंग

"एका बटणात सगळ्या क्लिपांचे रंग सुधारतो, पहिल्याच झटक्यात! नाहीतर चौकात मिशी उतरवीन," जिन्यात एडिटर बढाई मारून बसला. "लागली पैज!" शेजारचा टेलर म्हणाला. व्हिडिओ टेलरच्याच मुलीच्या लग्नाचा होता. संध्याकाळी शेजारी कॉम्प्युटरभोवती दाटले. एडिटरने जावयाच्या शर्टावर क्लिक करून प्रोग्रामला बजावलं, हा पांढरा धर. मग तेच आकडे दोनशे क्लिपांना लावले. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकली. नव्वद टक्क्यांवर अडकली, तसा त्याचा हात मिशीवर गेला. पट्टी भरली आणि वऱ्हाड साप चावल्यासारखं निळं पडलं. "लेका, शर्ट पिवळट मोतिया आहे, मीच शिवलाय!" टेलर खिदळला. "तुझ्या प्रोग्रामने सगळ्यांनाच नीळ घातली!" भर चौकात न्हाव्याने वस्तरा उघडला. मोबाइल रोखून एडिटरची बायको ओरडली, "हलू नका हो! रंग नंतर सुधारता येतो, मिशी नाही."