चारशे बारा वाक्यं

"हे कोण बोललं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

कॉम्प्युटरवाला चपापला. तीन तास मान मोडून बसल्यावर प्रोग्राम एकदाचा सुरू झाला होता. नव्या कॉम्प्युटरमधून आवाज आला होता, ‘अगं, माझा चष्मा कुठे आहे?’ यावर कुणी टाळ्या वाजवाव्यात असं त्याचं म्हणणं नव्हतं. पण ‘सुटलो बाई’ एवढं तरी ऐकायला मिळेल, अशी अपेक्षा होती.

"मास्तरच की, काकू."

"छे! हे नाहीत हे."

मास्तर समोरच खुर्चीत बसले होते. खरं तर त्यांनाच विचारायचं, पण त्यांना बोलता येत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. तो जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आदल्या दोन दिवसांत त्यांनी रोजच्या गरजेची चारशे बारा वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली. हॉस्पिटलमधल्या कुणा हौशी माणसाने त्यासाठी छोटासा प्रोग्राम लिहून दिला. वाक्यावर क्लिक केलं की मास्तर बोलायचे. भूगोल शिकवण्यात ज्यांनी तीस वर्षं घसा कोरडा केला, त्यांचा संसार आता एवढ्या वाक्यांवर चालला होता. लिहायला पाटी होती, पण स्वयंपाकघरात असलेल्या बायकोला पाटीवरून हाक कशी मारणार? आणि त्या वाक्यांत आता एकाचीही भर पडणार नव्हती.

जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. नवा आणला, तर प्रोग्राम अडून बसला. हे व्हर्जन तुमच्या विंडोजवर चालणार नाही म्हणाला. कॉम्प्युटरवाल्याने कम्पॅटिबिलिटीमध्ये जाऊन जुनं विंडोज निवडलं, मग त्याहून जुनं. प्रोग्राम उघडायचा आणि लगेच मिटायचा. मग एक फाइल सापडत नाही म्हणाला. ती आणून दिली, तर तिचंच व्हर्जन चुकीचं म्हणाला. लग्नघरातल्या रुसलेल्या व्याह्यासारखे त्याचे नखरे चालले होते. शेवटी ती फाइल जुन्या कॉम्प्युटरमधूनच उचलून आणली, तेव्हा कुठे स्वारी बोलती झाली. आणि बोलली, तर बाईंना पटेना.

त्याने जुना कॉम्प्युटर लावला. तेच वाक्य. आवाज जरासा बारीक, तरतरीत.

"हे बघ, हे आमचे," बाई म्हणाल्या.

पुन्हा नवा. आवाज जड, संथ. पुन्हा जुना. फाइल एक, शब्द एक, माणूस एक आणि आवाज दोन! त्याने स्पीकर बदलले. हेडफोन लावून पाहिला. डोकं खाजवून झालं. त्यात तो स्वतः मास्तरांच्या हाताखालून गेलेला. ‘वर्गाबाहेर उभा राहा’ हे त्याने आठवड्यातून दोनदा तरी ऐकलेलं, आणि ते याच जड आवाजात. मग जो आवाज त्याला इतका ओळखीचा वाटत होता, तो बायकोला परका कसा? आपल्याच कानात काही बिघाड झालाय की काय, असं त्याला वाटायला लागलं.

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपल्या हातांकडे बघत होते. पाटी मांडीवर कोरीच होती.

आणखी अर्ध्या तासाने चूक सापडली. ती नव्या कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. जुन्यातला आवाजाचा भाग त्या विंडोजशी कधी नीट जुळलाच नव्हता. तो प्रत्येक वाक्य थोडं भरभर वाजवत होता, म्हणून आवाज बारीक यायचा.

"म्हणजे काकू, खरा आवाज हाच!" तो उत्साहाने म्हणाला. "नऊ वर्षं तुम्ही चुकीचाच ऐकत होता."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. मास्तर उठले. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

कॉम्प्युटरवाल्याला फार वाईट वाटलं. बायको नवऱ्याचा आवाज विसरली होती, आणि ते आपण नवऱ्यासमोरच उघडं पाडलं होतं. झाकपाक करावी म्हणून तो हलकेच म्हणाला, "सवयीने होतं असं, काकू. चार दिवस ऐका, ओळखीचा वाटायला लागेल."

बाईंनी गॅलरीचं दार ओढून घेतलं. नव्या कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी आवाज अगदी कमी केला आणि ते वाक्य पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. पदराने डोळे टिपले.

"ओळखायला काय झालं रे?" त्या म्हणाल्या. "रेकॉर्ड करताना कागद धरून शेजारी मीच बसले होते. चष्मा कुठे आहे विचारतानासुद्धा मरणाचे घाबरलेले होते ते. जुन्यात ती भीती ऐकू येत नाही. तो बिघाड यातही घालून दे."