खुंटीवरची छत्री

कुत्रा भित्रा, म्हणूनच चावरा. दोन वर्षं तो वहिनीशिवाय कुणालाच जवळ येऊ देत नव्हता, आणि त्याचा तिला केवढा तोरा! येईल त्याला ती बजावायची, "डोळ्यांत बघायचं नाही. तिरकं बसायचं. हलायचं नाही." नणंद महिनाभर राहायला आली आणि निमूटपणे तशी बसत गेली. आज कुत्र्याने चक्क तिच्या मांडीवर हनुवटी टेकवली. "वहिनी, बघ ना, किती गुणाचा!" वहिनी हसली, पण पोटात दुखायचं ते दुखलंच. कुत्रा छत्रीला घाबरतो, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. घाबरला की धावत येईल आपल्याकडेच, अशा भरवशावर तिने खुंटीवरची छत्री काढली आणि फट्कन उघडली. कुत्रा केकाटत उठला, नणंदेच्या पाठीमागे दडला आणि तिथून वहिनीवरच दात विचकून गुरगुरला. नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, डोळ्यांत बघू नकोस. तिरकी बस."